ब्रह्मकमळ सहा वर्षांत एकदाही फुललं नाही, आणि ते खरं ब्रह्मकमळ आहे का?

साताऱ्याहून, गोडोलीतून, एका ताईंनी विचारलंय. सासूबाईंनी दिलेलं ब्रह्मकमळाचं पान त्यांनी सहा वर्षांपूर्वी कुंडीत लावलं. झाड आता त्यांच्या खांद्याला लागतंय, पण फूल एकही नाही. शेजारच्या काकू म्हणतात, घरात देवाचं काहीतरी राहून जात असेल, उगीच नाही हे फूल अडत. कॉलेजातला मुलगा म्हणतो, आई, हे ब्रह्मकमळ नाहीच, निवडुंग आहे. सासूबाई आता नाहीत. ‘त्यांच्या हातचं झाड आहे, टाकून देववत नाही. हे नेमकं काय आहे आणि फुलेल का, एवढं सांगा,’ असं त्यांनी लिहिलंय. सोबत तीन फोटो आहेत.

ताई, आधी मनावरचं ओझं उतरवून ठेवा. तुमच्या देवपूजेचा आणि या फुलाचा काडीचाही संबंध नाही. पहिल्याच फोटोत कारण दिसतंय. कुंडी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, खिडकीपासून आठ-दहा फूट आत आहे. झाडाला रुंद चपटी पानं चारच आहेत. बाकीचे सगळे पेन्सिलीएवढे बारीक, गोल, लांबलचक फुटवे छताच्या दिशेनं निघालेत. झाड उजेड शोधतंय. सांगलीत माझी रोपवाटिका आहे, ३२ वर्षं झाली, आणि ‘फुलत नाही’ म्हणून माझ्यासमोर येणारी बहुतेक ब्रह्मकमळं अशीच असतात: मायेनं घरात ठेवलेली आणि उजेडाला उपाशी.

तुमच्या मुलाचं बरोबर आहे, आणि सासूबाईंचंही चुकलेलं नाही. आपण घराघरांत लावतो त्या झाडाचं शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटालम. कुळ निवडुंगाचं. मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि त्याच्या खाली ग्वाटेमाला, होंडुरासच्या पट्ट्यातली जंगलं. द कँडोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. ऑक्सिपेटालम म्हणजे टोकदार पाकळ्यांचं. एपिफायलम म्हणजे पानावर आलेलं, कारण फूल पानाच्या कडेला लागतं. मात्र ज्याला आपण पान म्हणतो ते पान नव्हे, ते चपटं झालेलं खोड आहे. बोटांत धरून बघा, मधोमध जाड शीर लागेल आणि कडेला लाटांसारख्या खाचा दिसतील. त्या प्रत्येक खाचेत एक बारीक डोळा असतो. फूल यायचं तर तिथूनच येतं. निवडुंगाला ज्या जागी काटे असतात तीच ही जागा. या झाडानं काटे सोडून दिले, कारण ते वाळवंटातलं नाही, झाडांवर राहणारं आहे.

हिमालयात ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ती वनस्पती निराळी. सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा तिचं नाव, आणि कुळ सूर्यफुलाचं. साडेतीन-चार हजार मीटरवर, खडकांच्या आडोशाला, पावसाळ्यात ती फुलते. फिकट पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या पातळ आवरणाच्या आत जांभळट फुलांचा गुच्छ झाकलेला असतो. उत्तराखंडचं ते राज्यफूल. केदारनाथला, बद्रीनाथला ते वाहतात. १९८२ साली आपल्या टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं. सातारा-सांगलीच्या हवेत ते जगायचं नाही. त्याचं रोप म्हणून कुणी काही विकायला आलं तर पैसे घालवू नका.

मग पुराणातलं ब्रह्मदेवाचं आसन? ते विष्णूच्या नाभीतून वर आलेलं कमळ, पाण्यातलं. म्हणजे एकाच नावाभोवती तीन फुलं उभी आहेत: पुराणातलं कमळ, बर्फाजवळचं ब्रह्मकमळ, आणि आपल्या गॅलरीतला हा निवडुंग.

नाव उसनं असलं म्हणून पूजा खोटी ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. दसऱ्याला दाराला तोरण कशाचं लावतो? झेंडूचं. झेंडू मेक्सिकोचा. हारातला निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा, ज्याला आपण देवचाफाच म्हणतो, तोही त्याच बाजूचा. ही फुलं समुद्र ओलांडून आली आणि आपल्या देव्हाऱ्यात बसली. आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांना मूळ गाव विचारलं नाही. रंग बघितला, वास घेतला, आणि देवाला वाहिलं. मुलाला सांगा, वनस्पतीचं कूळ शोधणं हे एक काम आणि फुलाला मान देणं हे दुसरं. दोन्ही कामं एकाच घरात आनंदानं होऊ शकतात.

हे झाड निवडुंगाचं आहे याची खात्री पटवायची असेल तर मुलाला घेऊन कधीतरी आमच्या सांगली जिल्ह्यात या, ड्रॅगन फ्रूटच्या बागेत, जूननंतरच्या एखाद्या रात्री. सिमेंटच्या खांबांवर चढलेल्या त्या वेलांवर रात्री जी पांढरी फुलं उमलतात ती बघून तुम्ही म्हणाल, अहो, ही तर ब्रह्मकमळंच! सख्खी भावंडं नसली तरी जवळची भावकी आहे. कडेगाव तालुक्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट २०२१ मध्ये दुबईला गेलं, त्याची बातमी आली होती. त्याच वर्षी गुजरात सरकारनं ड्रॅगन फ्रूटला ‘कमलम्’ असं नाव दिलं, कारण ते कमळासारखं दिसतं. आपण एका निवडुंगाच्या फुलात कमळ पाहिलं, त्यांनी दुसऱ्याच्या फळात.

आता फुलवायचं कसं ते बघू. मी लोकांना खतापासून सुरुवात करू देत नाही. आधी डोळ्यांपुढं ते जंगल आणा. उंच झाडाची फांदी. फांदीच्या बेचक्यात साठलेला मूठभर पालापाचोळा, त्यात हे झाड मुळं रोवून खाली लोंबतंय. वरून पानांच्या जाळीतून चाळून आलेला उजेड, कडक ऊन नाही. पाऊस पडला की मुळं चिंब भिजतात आणि तासाभरात निथळून जातात. वर्षातले काही महिने पाऊस नाही, तेव्हा झाड आपल्या मांसल खोडातल्या पाण्यावर काढतं. माती जवळपास नाहीच. हे चित्र मनात ठसलं की कुंडी कुठं ठेवायची, कशात लावायची, पाणी कधी तोडायचं हे तुम्हीच मला सांगाल.

तर तुमची कुंडी दिवाणखान्यातून बाहेर काढा. साताऱ्यात पूर्वेची गॅलरी मिळाली तर सोनं. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, नंतर दिवसभर भरपूर उजेड. एकदम उन्हात मात्र नेऊ नका. सहा वर्षं सावलीत राहिलेलं झाड एका दुपारीत भाजून निघतं, पानांवर पांढरट-पिवळे चट्टे पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. पहिले दहा-बारा दिवस दाराच्या आत पण उजेडाजवळ, मग गॅलरीत, अशी सवय लावा. आमच्या सांगलीकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तिथं मी हिरवी जाळी बांधल्याशिवाय ही झाडं उघड्यावर ठेवत नाही. किंवा सरळ आंब्याच्या फांदीला टांगतो. आंब्याखाली टांगलेलं ब्रह्मकमळ जितकं सुखी दिसतं तितकं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

बाहेर हलवलं की नवीन फुटवे बघा कसे येतात. बुडापासून रुंद, तांबूस झाक असलेली, पोळपाटावर लाटल्यासारखी चपटी पानं येतील. तीच फुलणारी पानं. जुने काठीसारखे फुटवे सगळे एकदम कापू नका. निम्मे यंदा काढा, उरलेले पुढच्या वर्षी. त्या गोल फुटव्यांच्या टोकाला किंवा अंगावर रुंद पान फुटलं असेल तर तो फुटवा ठेवा, काठीचा आधार द्या. तुमच्याकडं कारवीच्या काठ्या मिळतात, त्या हलक्या आणि मजबूत, याच कामाच्या.

दुसऱ्या फोटोतली कुंडी फार मोठी आहे. प्रेमानं मोठी घेतली असणार, पण या झाडाला अंगाबरोबर बसणारी कुंडी लागते. आठ ते दहा इंचांची पुरे. मुळांनी कुंडी भरली, जरा दाटी झाली की फुलायचा विचार करतं. मोठ्या कुंडीत ओल साठते, मुळं पसरत बसतात, आणि झाड नुसतं पाल्यावर जातं.

मातीचं मिश्रण मी असं करतो: दोन पाट्या चाळलेला कुजका पालापाचोळा, एक पाटी पोयटा, एक पाटी विटांचे आणि कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे, अर्धी पाटी गांडूळखत. पालापाचोळ्यासाठी आमच्या भागात सोय चांगली आहे. उसाचं पाचट वर्षभर ढीग करून कुजवलं की हाताला भुसभुशीत, काळसर, पावसानंतरच्या रानासारख्या वासाचं खत तयार होतं. तुमच्याकडं कऱ्हाड-कोरेगावच्या बाजूला कुणीही शेतकरी देईल. कृष्णाकाठची काळी माती मात्र यात नको. ती उसाला जितकी चांगली तितकीच या मुळांना वाईट. भिजली की चिखल, वाळली की भेगा, आणि दोन्ही वेळा मुळं गुदमरतात.

पाणी द्यायचं ते बोट घालून. पहिलं पेर आत गेलं आणि कोरडं लागलं तर द्या, भरपूर द्या, खालच्या भोकातून वाहू द्या. ओलसर लागलं तर नको. बशीत पाणी साठू देऊ नका. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते. ती दिसली की पावसाचं पाणी साठवून द्यायला लागा. महिन्यातून एकदा साधं पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढली तरी फरक पडतो.

आता ज्या गोष्टीनं झाड पाल्यावरून फुलावर येतं, ती. तुमच्या ओळखीत आटपाडीकडचा कुणी डाळिंबवाला असेल तर त्याला विचारा, बहार कसा धरतो. तो सांगेल, आधी ताण देतो. पाणी तोडतो, झाड थोडं सुकू देतो, मग खत-पाणी देऊन जागं करतो, आणि झाड कळ्यांनी भरून येतं. ब्रह्मकमळाला मी हेच करतो, फक्त हलक्या हातानं. दिवाळी झाली की पाणी कमी करायचं. डिसेंबर-जानेवारीत पंधरा-वीस दिवसांतून एकदा, तेही बेताचं. पानं जराशी मऊ पडली, कडांना सुरकुती आली तरी घाबरायचं नाही. थंडीची हवा लागू द्यायची, घरात घ्यायचं नाही. साताऱ्याची थंडी या झाडाला मानवते. महाबळेश्वर-पाचगणीकडं कधी गवतावर दवाचा बर्फ होतो तिथं मात्र रात्री आडोशाला घ्यावं लागतं. महाशिवरात्रीच्या सुमारास पाणी वाढवायचं आणि तेव्हाच खत.

खतात सगळ्यात मोठी चूक म्हणजे नत्र. तुम्ही लिहिलंय की दर महिन्याला शेणखत आणि मधूनमधून युरिया देता. म्हणूनच एवढी उंची आणि एकही कळी नाही. युरिया आजपासून बंद. तासगाव-मिरजेचे द्राक्षवाले ज्याला नुसतं ‘शून्य बावन्न चौतीस’ म्हणतात ते विद्राव्य खत, ज्यात नत्र अजिबात नाही आणि स्फुरद-पालाश आहे, ते एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, म्हणजे पाव चमच्याहूनही कमी. फेब्रुवारीअखेरपासून पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा, ओल्या मातीत. ते नको असेल तर मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर लाकडाची राख. जरा सावकाश, पण काम करतं.

रोगाकिडीचं फार सांगत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, जुन्या दात घासायच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा आणि आठ दिवसांनी निंबोळी तेल फवारा. मुंग्या चढताना दिसल्या की समजा तो कुठंतरी आहेच. पावसाळ्यात गोगलगाईंवर लक्ष ठेवा. एका रात्रीत कळी कुरतडून टाकतात. कुंडी टांगलेली असली की हा त्रास निम्म्यानं कमी होतो.

सडण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण त्यानं मला एकदा फार रडवलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा शिरली, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात. आम्ही माणसं वरच्या मजल्यावर आणि पुढं नातेवाइकांकडं गेलो, कुंड्या खालीच राहिल्या. आठवड्यानं परतलो तर अंगणात घोट्याएवढा गाळ. आईनं लावलेलं तीसेक वर्षांचं ब्रह्मकमळ गाळात आडवं झालेलं. बुडाशी बोट लावलं तर पिकल्या केळ्यासारखं मऊ, आणि वास सुटलेला. मी ते उपटून टाकायला निघालो होतो. मग वरच्या टोकाकडची चार पानं हाताला कडक लागली. स्वच्छ चाकूनं वरून खाली एकेक इंच कापत गेलो, कापाच्या आत तपकिरी ठिपका दिसेनासा झाला तिथं थांबलो. ती चार पानं वर्तमानपत्रावर, सावलीत, आठ दिवस तशीच ठेवली. कापलेली कड वाळून तिच्यावर चामड्यासारखी पापडी आली, मग लावली. त्यातली तीन जगली. २०२२ च्या श्रावणात त्यातल्या एकीला पहिलं फूल आलं. आज माझ्याकडं आईचं झाड आहे ते त्या तीन पानांमुळं.

म्हणून ताई, तुम्हालाही माझा आग्रह आहे, सासूबाईंच्या झाडाची दोन-तीन पानं आत्ताच वेगळी लावून ठेवा. एकाच कुंडीवर सगळी भिस्त नको. रुंद, पक्व, निदान वीतभर लांबीचं पान घ्या. कोवळं नको, काठीसारखं तर नकोच. कापल्यावर पाच-सात दिवस सावलीत सुकू द्या. बुडाची बाजू खालीच राहिली पाहिजे, उलटं लावलं तर मूळ धरत नाही, म्हणून कापताना वरच्या टोकाला दोरा बांधून ठेवा. इंचभर खोल लावा, पहिला आठवडा पाणी नाही, नंतर शिंपडण्याएवढंच. तीन-चार आठवड्यांत पान हलकेच ओढून बघा, मातीनं धरून ठेवलं असेल तर मुळं सुटली. अशा पानाला फूल यायला दोन ते चार वर्षं लागतात. पानाच्या पाठीवरून हवेत मुळं लोंबतात ती रोग समजून कापू नका. जंगलात त्यांनीच ते झाड फांदीला धरून राहतं.

ब्रह्मकमळ विकत घेऊ नये, कुणीतरी दिलेलं पानच लावावं, असं तुमच्याकडंही म्हणत असतील. मी रोपं विकून पोट भरतो, पण ब्रह्मकमळ विकत नाही. मागेल त्याला पान देतो. माझ्या आईनंही तिचं पान मिरजेच्या एका शेजारणीकडून आणलं होतं. या रिवाजामुळं प्रत्येक झाडाला एक माणूस जोडलेला राहतो. तुमचं झाड आहे तसं, सासूबाईंचं. पानापासून वाढलेलं झाड म्हणजे जातीनं तेच झाड. त्यांनी ज्या झाडाचं पान तोडलं, त्याचंच अंग तुमच्या कुंडीत आहे.

काही जण तुम्हाला सांगतील, हे बारा वर्षांनी एकदाच फुलतं. तसं नाही. नीट रमलं की दरवर्षी फुलतं, जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान, आणि मोठ्या झाडाला दोन-तीन वेळा बहार येतो. साताऱ्यात हा समज कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी. त्यांच्या गोष्टी या फुलाला येऊन चिकटल्या असाव्यात.

कळी लागल्यावर काय होतं ते नीट सांगतो, म्हणजे तुमची पहिली कळी तुम्ही गमावणार नाही. पानाच्या खाचेत बाजरीच्या दाण्याएवढा तांबूस ठिपका दिसतो. नवं पान फुटणार की कळी, हे चार-पाच दिवस कळत नाही. पान असेल तर ते चपटं होत जातं, कळी असेल तर गोल टोक धरते. त्या दिवसापासून कुंडी हलवायची नाही, फिरवायची नाही, पाणी चुकवायचं नाही. जागा बदलली की कळ्या पिवळ्या पडून गळतात. लोक कौतुकानं कुंडी देवघरासमोर आणतात आणि आठ दिवसांनी मला फोन करतात. पुढचे तीन-चार आठवडे कळीचा लांब देठ खाली लोंबतो. मग एक दिवस त्याची मान वर वळते, हंसासारखी, आणि कळी समोर बघायला लागते. फुलायच्या दिवशी दुपारी कळी टरारून फुगलेली असते, टोकाशी बाहेरच्या गुलाबी-तपकिरी पट्ट्या सैल होतात आणि मधून पांढरं डोकावतं. हे दिसलं की शेजारणींना सांगून ठेवा, आजच.

संध्याकाळी सातनंतर टोकाला बोट जाईल एवढं तोंड उघडतं. नऊपर्यंत वाटीएवढं होतं. जवळ बसलात तर पाकळी मध्येच हलकेच थरथरताना दिसते, कुणी बाहेरून हात लावल्यासारखी. वास आधी येत नाही. अर्धं उमलल्यावर एकदम येतो आणि सबंध जिन्यात भरतो. अकरा-बाराला पूर्ण उमललं की आत बघा. टॉर्चचा झोत पाकळ्यांच्या मागून धरा, समोरून नको. पाकळ्यांतून दूध झिरपल्यासारखा उजेड येतो. खाली बारीक पुंकेसरांची गर्दी, फिकट पिवळ्या टोकांची, आणि त्यांच्यावरून पुढं आलेली एक जाड पांढरी दांडी. तिच्या टोकाला चांदणीसारखे पसरलेले फाटे. तो स्त्रीकेसर. आई म्हणायची, आत ब्रह्मदेव बसलाय, चांदणी त्याची. त्याच जागी मला परागकण पोचायची वाट दिसते. ही सगळी तयारी रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांसाठी आहे. अंधारात दिसावं म्हणून पांढरा रंग, दुरून सापडावं म्हणून वास, आणि लांब सोंडेला पुरेल अशी लांब नळी. आईनं सांगितलेलं आणि मी शिकलेलं, दोन्ही मी त्या टॉर्चच्या उजेडात एकाच वेळी बघतो, आणि मला त्यात कधी भांडण दिसलं नाही.

जगभर या फुलाला लोकांनी आपापल्या मनातला अर्थ दिलाय. जपानीत त्याला ‘चांदण्यातली सुंदरी’ अशा अर्थाचं नाव आहे. चिनी भाषेत ‘हे फूल एकदा दिसावं तसं’ असं म्हणतात, क्षणभर चमकून गेलेल्या गोष्टीबद्दल. केरळात ते निशागंधी, आणि त्या नावानं तिरुवनंतपुरमला नृत्यमहोत्सव भरतो. आपला निशिगंध म्हणजे गुलछडी, तो वेगळा, एवढं लक्षात ठेवा. बाकीच्या ठिकाणी लोकांना त्याचं पटकन कोमेजणं आठवलं. आपल्याकडं मात्र ते फुललं की माणसं बोलावतात. रात्री अकराला दार वाजतं, ‘काकू, आमचं ब्रह्मकमळ उमललंय, चला.’ निरांजन, हळदकुंकू, कुणाच्या हातात दुधाचा पेला, मुलं पेंगुळलेली. एरवी जिन्यात भेटूनही न बोलणारी दोन घरं त्या रात्री एका कुंडीभोवती बसलेली मी पाहिली आहेत. मला या फुलाचा हा अर्थ सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि तो आपण इथं, या मातीत घडवलाय. तुमच्या काकूंनाही बोलवा. त्यांनी मनाला लागेल असं बोललं असेल, पण त्या रात्री त्या आल्या पाहिजेत.

सातारकर म्हणून तुम्हाला आणखी एक सांगावंसं वाटतं, कारण तुमच्या मुलाला यात गोडी दिसतेय. तुमच्या घरापासून जवळच, सज्जनगडाच्या कड्यांवर, या मातीतलीच एक मांसल खोडाची फुलणारी वनस्पती आहे: शिंदळ माकुडी. फ्रेरिया इंडिका या नावानं तिचं वर्णन डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६० च्या दशकात केलं. ‘फ्रेरिया’ हे बार्टल फ्रियर याच्या नावावरून. तो १८४० च्या दशकात साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला. मेणचट, गडद तांबड्या रंगाची, पिवळसर नक्षीची चांदणीसारखी फुलं पावसाळ्यात येतात, आणि उन्हाळ्यात पानं गाळून नुसती बोटाएवढी खोडं कड्याला चिकटून राहतात. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतल्या मोजक्या जागा सोडल्या तर ती जगात कुठंही निसर्गतः उगवत नाही. मुलाला गडावर न्या, दुर्बिणीतून दाखवा. पण एक फांदीही तोडून आणू नका. ब्रह्मकमळाचं पान कितीही जणांना द्या, ते आपल्याकडं घरोघर आहे. हिचं घर तेवढंच आहे.

तुमच्या झाडाचा क्रम आता असा ठेवा. या आठवड्यात उजेडाकडं हलवा, युरिया बंद, तीन पानं कापून सुकायला ठेवा. कुंडी बदलायची घाई आत्ता नको, पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात बदला, जुनी माती झटकून. दिवाळीनंतर ताण, महाशिवरात्रीला पाणी आणि खत. तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या बाजूच्या खालच्या रुंद पानाच्या खाचा मी मोठ्या करून बघितल्या, डोळे भरलेले आणि जिवंत आहेत. येत्या जूनमध्ये पहिल्यांदा त्याच पानावर लक्ष ठेवा. तांबूस ठिपका दिसला की मला फोटो पाठवा, पान आहे की कळी ते मी सांगेन.